पुळणीवरची पत्रं: कासवीण परत येते का?

दिवाळीपासून साठलेली पत्रं या आठवड्यात वाचून काढली. थोडी पोस्टकार्डं, बरेचसे व्हॉट्सॲपचे निरोप (ते भाची कागदावर उतरवून देते, मला मोबाइलवर चार ओळींपलीकडे वाचवत नाही), आणि हर्णैच्या एका तांडेलानं (नावेच्या म्होरक्यानं) मुलाकडून लिहून घेतलेलं वहीचं पान. नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच: राहणार गुहागर तालुका, २७ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं पहाटे पुळण चालत होते. गावात मला ‘कासवांच्या बाई’ म्हणतात. माझ्याकडे एकोणीस वह्या आहेत. सव्वीस होत्या. सात एका कार्यालयानं झेरॉक्स काढायला नेल्या, त्या परत आल्या नाहीत. साहेब बदलले, टेबलं बदलली, वह्या कुठल्या कपाटात गेल्या ते कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून वही घराबाहेर जात नाही. कुणाला हवं असेल त्यानं आमच्या ओटीवर बसून उतरवून घ्यावं, चहा मिळेल.

आता पत्रं.

“मार्चमध्ये आम्ही वेळासला दोन रात्री राहिलो. सकाळी सात, संध्याकाळी सहा, चारही वेळा किनाऱ्यावर गेलो, एकही पिल्लू दिसलं नाही. मुलं रडकुंडीला आली. आम्ही निघालो आणि दुसऱ्याच दिवशी म्हणे सत्तर पिल्लं आली. तारीख आधी कळत नाही का? शिवाय मादीनं निवडलेल्या जागेवरून अंडी उकरून कुंपणात नेणं ही निसर्गात ढवळाढवळ नव्हे का? आणि ही पिल्लं मोठी होऊन खरंच परत येतात का?” (एक वाचक, ठाणे)

तारखेचं आधी. आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवानं अंडी घातल्यापासून पिल्लं वर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. हा पंधरवड्याचा फरक वाळू किती तापते त्यावर ठरतो. थंडीतलं घरटं रेंगाळतं, उन्हं चढल्यावरचं लवकर सुटतं. कासवमित्राकडे प्रत्येक घरट्याची तारीख लिहिलेली असते, त्यावरून तो ‘या आठवड्यात’ इतपत सांगेल. ‘शनिवारी सकाळी नक्की’ असं कुणी सांगितलं तर त्याची खोली रिकामी आहे असं समजा. एक मात्र करता येतं. पिल्लं वर यायच्या आधी घरट्यावरची वाळू मधोमध खचते, उथळ बशीसारखी. खाली पिल्लं हातपाय मारत असतात, वाळू त्यांच्या अंगावरून सुटून तळाला जाते आणि वर खळगी पडते. घरट्यावर झाकलेली टोपली उचलताना मुलांना कासवमित्राच्या शेजारी उभं करा आणि ती बशी शोधायला सांगा. बशी दिसली तर मुक्काम एक दिवस वाढवा.

ढवळाढवळीचं म्हणाल तर होय, ती आहेच. मी ती केलेली आहे, तेव्हा उगाच सारवासारव करत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास वेळासला काम सुरू केलं, तेव्हा या किनाऱ्यावर घरटं जागेवर राहू देणं म्हणजे ते गमावणंच होतं. पहाटे माग बघत माणूस यायचा, त्याच्या हातून निसटलं तर कोल्हा, कोल्ह्याच्या नजरेतून सुटलं तर गावची कुत्री. अंडी बाजारात विकली जायची. अशा ठिकाणी हॅचरी, म्हणजे अंडी कुंपणात नेऊन पुरणं, हा दोन नंबरचाच उपाय, पण एक नंबरचा उपलब्ध नव्हता. आता जिथं गाव राखण करतं आणि कुत्र्यांचा बंदोबस्त आहे, तिथं घरटं जागीच ठेवून वर जाळी लावावी, या मताची मी आहे. गंमत अशी की वाळूच्या उष्णतेवरच पिल्लू नर की मादी ते ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर गेली की माद्या जास्त, खाली राहिली की नर जास्त. म्हणजे हॅचरी उन्हात बांधायची की सुरूच्या झाडांच्या सावलीत, हा निर्णय घेणारा माणूस नकळत पिढीचं लिंग ठरवत असतो. कुंपण बांधताना याचा विचार करणारे मी फार थोडे पाहिले.

आणि ढवळाढवळ अडाणीपणानं केली तर काय होतं, ते वहीत आहे. १७ फेब्रुवारी २००४. सकाळी नऊला निरोप आला, शेजारच्या गावात घरटं आहे. मी गेले, ११४ अंडी मोजून प्लॅस्टिकच्या बादलीत भरली, स्कूटरच्या पुढच्या पायरीवर बादली ठेवली आणि आठ किलोमीटर खड्ड्यांतून घेऊन आले. खड्डा खणला तोही सरळ, डब्यासारखा. मादी आळीपाळीनं मागचे पाय आत घालून खणते तो खड्डा वर अरुंद आणि खाली फुगीर असतो, सुरईसारखा, दीड फूट खोल. हे मला पाठ होतं, शिकवतही होते, पण हातानं कधी केलं नव्हतं. कासवीण बहुधा रात्री दोनच्या सुमारास आलेली, म्हणजे मी अंडी हलवली तेव्हा सात तास होऊन गेले होते. कोंबडीच्या अंड्यात बलक हलता राहायला दोऱ्या असतात, कासवाच्या अंड्यात तशी सोय नाही. काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की तो मरतो. ५३ व्या दिवशी तीन पिल्लं आली. उरलेली १११ उकरून, एकेक फोडून पाहिली. बहुतेकांत मोहरीएवढा ठिपका, तिथंच थांबलेला. तेव्हापासून नियम केला: पहाटे उजाडायच्या आत सापडलं तरच हलवायचं, वरची बाजू वरच ठेवायची, आणि वाहनावर न्यायचं नाही, चालत न्यायचं.

तिसरा प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण गेल्या काही वर्षांत सगळ्यात मजा याच प्रश्नात आली आहे. हजारात एक पिल्लू जगतं असं सगळे सांगतात. हा ठोकताळा आहे. हजार पिल्लांमागून समुद्रात जाऊन कुणी मोजलेलं नाही. जगलेली मादी अंडी घालायला परत यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणजे वेळासच्या पहिल्या पिल्लांपैकी कुणी आलीच असेल तर ती हल्लीच्या वर्षांत. पण ती तीच, हे ओळखायचं कसं? पिल्लाला खूण करता येत नाही, मोठ्या मादीला करता येते. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकणात पहिल्यांदाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं चिकटवली. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाचं हे काम. वेळासच्या मादीचं नाव प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या लक्ष्मी, रेवा आणि वनश्री. कासव श्वासाला वर येतं तेवढाच वेळ संदेश जातो. लक्ष्मी दोन महिन्यांच्या आतच गप्प झाली. ती मेली की यंत्र निसटलं, कळायला मार्ग नाही. पुढच्या वर्षी गुहागरच्याच बागेश्रीला यंत्र लावलं, ती दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

आम्ही वर्गात शिकवायचो की पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, आपली वेगळी. ओडिशात लाखांनी येतात, आपल्याकडे तुरळक, दोघांचा संबंध नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी: ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोट्सवर एका कासविणीनं काट मारली. मला आनंदच झाला. पट्टी दिसली, आकडा वाचला, तो बरोबर उतरवला, म्हणून हे कळलं. तेव्हा परत येतात का, याचं उत्तर ‘येतात, पण तुमच्याच दारात येतील असं नाही’ हे आहे.

“बाई, जानेवारीत आमच्या जाळ्यात कासव आलं. अर्धमेलं होतं. पोरांनी जाळं कापून सोडलं. २५ हजार मिळतात ऐकलं, पण फोटो नव्हता म्हणून काही मिळालं नाही. जाळं गेलं, दिवस गेला. पुढच्या वेळी कापू की नको? आणि अर्धमेलं पाण्यात सोडलं ते जगलं असेल का?” (एक तांडेल, हर्णै)

दादा, कापा. पण कोयत्याच्या आधी मोबाइल काढा. राज्यात डिसेंबर २०१८ पासून ही योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असं संरक्षित जनावर सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई देतात. जनावर जाळ्यात असतानाचा फोटो, कापतानाचा, आणि पाण्यात जातानाचा, असे तिन्ही असू देत. व्हिडिओ असला तर बरंच. नावेचा नंबर एका तरी फोटोत दिसला पाहिजे, आणि तारीख-वेळ तिथंच वहीत मांडा. बंदरावर आल्याबरोबर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. पोच घ्याच. माझ्या सात वह्यांची पोच मी घेतली नव्हती.

पंचवीस हजारांत काय होतं ते तुम्ही मला सांगायला नको. जाळं सांधायला माणसं बसतात त्यांची मजुरी, वाया गेलेलं डिझेल, बुडालेली खेप, यातलं काही त्या आकड्यात नाही. तरी ही योजना मला मोलाची वाटते, कारण ती येण्याआधी कासव जाळ्यात आलं हे कुणी बोलतच नव्हतं. केस होईल म्हणून गुपचूप टाकून द्यायचे. आता बोलतात, फोटो येतात, आणि आपल्या समुद्रात कुठं काय आहे ते कळू लागलं आहे. त्या कागदांतून जमलेली माहिती कुठल्याही संशोधन-जहाजाला एका मोसमात मिळाली नसती.

आता अर्धमेल्या कासवाचं. हे नीट वाचा, पोरांनाही वाचून दाखवा. कासवाला फुप्फुसं असतात. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की ते बुडतं, अगदी माणसासारखं. फुप्फुसात पाणी गेलेलं, हालचाल नाही, मान लोंबते. तसंच पाण्यात टाकलं तर तळाला जाऊन मरतं. तुमचं जगलं असेल का, तर मला वाटतं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला लिहू? पुढच्या वेळी असं करा. नावेतच ठेवा, पोटावर. उताणं करू नका, उताणं केलं की आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो. शेपटीकडची बाजू वीतभर उंच करा, खाली गुंडाळलेला दोर किंवा जुना टायर सारा, म्हणजे पाणी तोंडावाटे उतरतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या उघड्या राहू देत. मधूनमधून डोळ्याच्या कडेला हळूच बोट लावून बघा, पापणी हलली तर जीव आहे. काही तास लागतात, कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. ते हातपाय मारायला लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाळं पाण्यात नसताना, मागच्या बाजूनं अलगद सोडा.

ट्रॉलरवाल्यांसाठी जाळ्यातच तिरप्या गजांची चौकट बसवायची सोय आहे. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. आपल्याकडे ती बसवायला सगळे कां-कू करतात, कारण मोठा मासाही झडपेतून जातो. पण ही चौकट नाही या कारणावरून अमेरिकेनं २०१९ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घ्यायची बंद केली. म्हणजे चौकट न बसवण्याचीही किंमत मोजावी लागतेच, फक्त ती दुसऱ्याच्या खिशातून जाते म्हणून दिसत नाही.

“मुरुडच्या किनाऱ्यावर फिरताना राखाडी, मेणचट, वासाचा गोळा मिळाला. गावातले म्हणतात ही देवमाशाची उलटी, कोटभर रुपये येतील. गरम सुई घालून बघितली तर धूर आला. काय करू?” (नाव-गाव नको म्हणालेत)

नाव-गाव नको म्हणालात यातच शहाणपणा आहे. गरम सुईनं मेण, डालडा, जहाजातून सांडलेलं पामतेल, सगळ्यातूनच धूर येतो. पावसाळ्यात आपल्या पुळणीवर डांबराचे गोळे येतात, वर्षभर असलं काहीबाही येतं, त्यातलं बहुतेक असंच निघतं. खरी वस्तू असेल तर ती स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. हा देवमासा माकुळं (स्क्विड) खातो, माकुळांच्या चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती हा थर साठतो. तिच्यात कधी कधी काळ्या चोचींचे तुकडे दिसतात. पण खरी असो वा डालडा, ती विकायला निघालात की आत जाल, आणि तुम्हाला ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणून फोन करणारा बहुधा साध्या कपड्यातला पोलीस असेल. गोळा वन खात्याला द्या. सुई फेकून द्या.

“लहान पापलेट स्वस्त मिळतं, चवीलाही चांगलं. घ्यावं का?” (एक गृहिणी, पुणे)

नाही. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान मिळाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याखालचा मासा पकडायचा नाही. तळहाताएवढं पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पोर. कोळणीला दम देऊ नका, ती जे आलं ते विकते. फक्त ‘मोठं नसेल तर बांगडे दे’ म्हणा. चार बायका असं म्हणाल्या की पाटीतला माल बदलतो, हे मी गुहागरच्या बाजारात बघितलं आहे.

“दाभोळला डॉल्फिन सफर केली. सहा बोटी एका कळपामागे धावत होत्या, सगळे ओरडत होते. घरी आल्यावर अपराधी वाटतंय. जाऊच नये का?” (एक वाचक, सांगली)

जा, पण बोटवाल्याला आधी सांगा की धावायचं नाही, जवळ नाही गेलो तरी पूर्ण पैसे देईन. तो बिचारा तुमच्या ओरडण्यासाठीच वेग वाढवतो. निदान पन्नास मीटर अंतर, इंजिन हळू, पाठलाग न करता बाजूनं समांतर, आणि दुसरी बोट आधीच तिथं असेल तर आपण थांबायचं.

आपल्या किनाऱ्याला दिसतात ते बहुतेक कुबडवाले डॉल्फिन. सिंधुदुर्गात त्यांना गादे म्हणतात. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटा पर. हे खोल समुद्रात जात नाहीत, खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यातच जन्म काढतात. म्हणजे माणसाची वर्दळ जिथं सर्वांत जास्त, तिथंच त्यांचं घर, आणि जगभरच्या यादीत ते धोक्यातल्या प्राण्यांत मोडतात. बोटींनी घेरलं की ते बुडी मारतात, बुडीचा वेळ वाढतो, पिल्लू असलेली मादी बाजूला पडते. तुम्ही अपराधीपणाऐवजी एक काम करा: पराचे फोटो काढा. पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. तारीख, वेळ आणि खाडीचं नाव लिहिलेला फोटो कुठल्याही संशोधकाला हवाहवासा असतो. सेल्फीत डॉल्फिन नसतोच, नुसतं पाणी असतं.

याच पत्राशेजारी दुसरं होतं, किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन दिसला तर काय करावं असं विचारणारं, म्हणून इथंच लिहिते. वन खात्याला कळवा, आणि ते येईपर्यंत मोजा. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. टेप पोटावरून वाकवायची नाही, शेजारी वाळूवर दोन काठ्या रोवून त्यांच्यामधलं अंतर घ्या. नर की मादी ते पोटाखालच्या फटींवरून कळतं, तिथला फोटो घ्या. एकदा आमच्याच भागात एक आला होता. मी पोचेपर्यंत ग्रामपंचायतीनं जेसीबी लावून पुरलासुद्धा. लांबी विचारली तर एक म्हणाला, ‘माणसाएवढा.’ दुसरा म्हणाला, ‘कुठला माणूस?’ त्यावर तिथंच भांडण झालं. वहीत त्या दिवशी मी ‘लांबी: वादग्रस्त’ असं लिहिलं आहे.

जिवंत असेल तर पाण्यात ढकलायची घाई नको. तो बहुधा आजारी किंवा थकलेला म्हणूनच लागलेला असतो. डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवा, त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नका, सावली करा, ओली चादर टाका, गर्दी लांब ठेवा, डॉक्टर बोलवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं होतं. माणसांनी जिवाचं रान केलं, खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी ते वाचलं नाही. आईपासून तुटलेलं दूधपितं पोर ते, समुद्र कितीही मोठा असला तरी त्याला तिथं दूध कोण पाजणार?

“आमच्या देवगडला डिसेंबरमध्ये रात्री लाटा निळ्या चमकल्या. आजोबा म्हणतात समुद्रात फॉस्फरस असतो. खरं का?” (इयत्ता आठवी)

आजोबांना सांग, लाटा चमकतात हे खरं, फॉस्फरस खोटा. ते नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव असतात, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान, पाण्यात तरंगणारे. धक्का लागला की त्यांच्या आत रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर उजेड पडतो, काजव्यासारखा. म्हणून लाट फुटते तिथंच चमक दिसते, शांत पाणी काळंच. पुढच्या वेळी काचेच्या बाटलीत ते पाणी भर, घरात दिवा घालवून, डोळे सरावेपर्यंत थांब, मग बाटली हलव. दिवसा त्याच पाण्याचा रंग बघून लिहून ठेव, हिरवट असतो की तांबूस. अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरवट जातीची फार दाट वाढ होते, आणि पाण्यात प्राणवायू कमी असतो तिथं ती जास्त फोफावते असं संशोधक सांगतात. तुझ्या डोळ्यांना ती दिवाळी असली तरी माशांना ती बातमी बरी नाही. वाडीतल्या रापणकऱ्यांना (किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना) विचार, अशा रात्री मासळी कशी लागते. ते काय म्हणतात ते मला कळव, पोस्टकार्डावर चालेल.

“मालवणात सागरी अभयारण्य आहे असं पुस्तकात वाचलं. आम्ही मालवणचेच, आम्हाला ते कधी दिसलं नाही. आहे तरी कुठे?” (एक शिक्षक, मालवण)

गुरुजी, तुम्ही त्यात पोहत असाल. १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. तुम्हाला दिसलं नाही याचं कारण ते आधी कागदावर झालं, मग मच्छीमारांना कळलं. आपल्या तोंडचा घास जाणार म्हणून लोक चिडले, त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. रापण ओढणाऱ्याला न विचारता त्याच्या पाण्यावर रेघ ओढली की तो ती रेघ पुसणारच. याचा परिणाम मात्र असा झाला की विरोध मच्छीमारांचा आणि नुकसान प्रवाळाचं. आज तिथं प्रवाळावर सर्वांत जास्त पाय पडतात ते मच्छीमारांचे नाहीत, पर्यटकांचे. पाण्याखाली दम लागला की माणूस जे हाताला लागेल त्यावर उभा राहतो, आणि वर्षाला काही मिलिमीटर-सेंटीमीटर वाढणारं प्रवाळ मोडतं. पाव टाकून मासे गोळा करणं तर मी स्वतः बघितलं आहे. मुलांना नेणार असाल तर गाइडला दोन गोष्टी सांगा, पाय टेकायचा नाही आणि पाव आणायचा नाही.

प्रवाळाचं याहून मोठं वैभव विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत आहे, आंग्रिया बँक. समुद्रात बुडालेलं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. किनाऱ्यापासून दूर, म्हणून नदीचा गाळ तिथं पोचत नाही, पाणी नितळ आणि प्रवाळ भरघोस. मी गेलेली नाही. एकदा योग आला होता, पण नेमकी त्या आठवड्यात हवा फिरली आणि नाव बंदरातून सुटलीच नाही. त्या दिवशीची वहीतली नोंद एका ओळीची आहे, ती इथं छापण्याजोगी नाही.

मागच्या अंकातली चूक

मर्यादवेल, म्हणजे पुळणीवर पसरणारी वेल, पावसाळा सरल्यावरच फुलते असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. वेळणेश्वरच्या एका वाचकांनी पोस्टकार्ड पाठवून माझी चूक दाखवली. त्यांच्या घरासमोरच्या पुळणीवर त्यांनी २ मार्च, २३ मार्च, ११ एप्रिल आणि ४ मे या तारखांना फुलं पाहिली आहेत, सोबत आकडेही दिलेत: सहा, नऊ, एक, चार. ते बरोबर आहेत, मी आठवणीवर विसंबून लिहिलं. वहीत दुरुस्ती केली आहे. काका, एवढंच विचारायचं राहिलं: हे फूल दुपारपर्यंत कोमेजतं, तेव्हा ११ एप्रिलला एकच दिसलं ते सकाळी की जेवण झाल्यावर?